वरचा डावा कोपरा

एक्याऐंशी वर्षांच्या आजी नऊ महिन्यांच्या गरोदर आहेत, हे आम्ही नाही सांगितलं. कॉम्प्युटरनं सांगितलं. तेही भर सभेत, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, नगराध्यक्ष पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेले असताना. याच आजींची पूर्वी नसबंदी झाली होती, पुरुषांची. दाढी करताना कापलं म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं. साठी उलटल्यावर दोनदा गोवर आला होता आणि त्यानंतर दुधाचे दात किडले होते.

सभागृहात आधी एक जण फसकन हसला, मग सगळेच. मी मात्र हसले नाही, कारण माझ्या शेजारच्या खुर्चीत ठिपकेकाका बसले होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

ठिपकेकाका म्हणजे आमच्या दवाखान्याचे केसपेपर क्लार्क. दवाखाना नगरपालिकेचा, दोन खोल्यांचा, आणि त्यात माणसं आम्ही चारच. डॉक्टर, कंपाउंडर, मी सिस्टर आणि खिडकीत काका. डॉक्टर बदलत राहतात, औषधं संपत राहतात, पंखा बिघडत राहतो. काका खिडकीत बसून राहतात. अंगानं काटकुळे, आवाज मात्र पोलिसाचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नवीन चष्मा घ्या म्हटलं की म्हणायचे, "याला काय धाड भरलीय?" कुणी आजारपणाची सुटी मागितली की असं बघायचे, जणू त्यांच्याच खिशाला हात घातलाय. स्वतः तापानं फणफणत असले तरी खिडकीत हजर, वर आम्हालाच विचारणार, "आज दवाखान्यात कुंथल्यासारखं कोण करतंय?" ते स्वतःच करत असायचे.

त्यांना ठिपकेकाका का म्हणायचे ते सांगते, आणि सांगताना साळसूदपणाचा आव आणत नाही, कारण त्या भानगडीत मीही होते.

आमच्याकडे नियम असा की साठीच्या पुढच्या माणसाला रांग नाही. वेगळी खिडकी, लगेच डॉक्टर, त्याच दिवशी औषध. बाकीच्यांनी सकाळी सातला टोकन घ्यायचं आणि देव प्रसन्न होईपर्यंत बाकावर बसायचं. मग लोकांनी काय केलं? जे कुठल्याही गावात लोक करतील तेच. मुलाला खोकला झाला, काढा म्हातारीचा कागद. सुनेचं पोट दुखतंय, काढा म्हातारीचा कागद. अख्खं घर एका म्हातारीच्या नावावर बरं व्हायला लागलं. अट एवढीच, की एका कागदावर दिवसाला एकच शिक्का. म्हणजे घरातल्या एकाच माणसानं एका दिवशी आजारी पडायचं. तेही लोकांनी आपापसांत जमवून घेतलं.

पहिल्या वर्षी काका खेकसायचे. मग त्यांच्या लक्षात आलं की खेकसून काही होत नाही. हाकलून दिलेला माणूस औषधाविना राहतो, आणि तीन दिवसांनी दुप्पट आजारी होऊन पुन्हा त्याच कागदावर येतो. तेव्हा त्यांनी ठिपके सुरू केले. कागदाची प्रत्येक बाजू घरातल्या एकेकाची. उजवी कड मुलाची, डावी कड सुनेची, खालची कड नातवंडांची, मोठ्याला एक ठिपका, धाकट्याला दोन. आणि वरचा डावा कोपरा, ज्याच्या नावाचा कागद आहे त्याचा. निळा ठिपका म्हणजे साधं दुखणं. लाल म्हणजे सावध, या माणसाला हे औषध सोसत नाही.

तेव्हाचे म्हातारे डॉक्टर कागद हातात घेतला की नाव वाचायचे नाहीत, कडा बघायचे. मी नोकरीला लागले तेव्हा मलाही पहिल्याच दिवशी ठिपके शिकवले गेले. हजेरीपटावर सही कुठे करायची ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. एकवीस वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला. कुणाचं काही वाकडं झालं नाही. कायद्यानं बघितलं तर आम्ही सगळे चोर होतो, पण चोरी नीट लिहून ठेवणारे.

मग नेटवर्क आलं.

नगरपालिका, मोठं सरकारी हॉस्पिटल आणि टेकडीवरचं ट्रस्टचं हॉस्पिटल, तिघांनी मिळून गावातल्या प्रत्येक माणसाची आरोग्याची माहिती एका जागी आणायची असं ठरलं. प्रत्येकाला एक नंबर. कुठेही जा, नंबर सांगा, डॉक्टरसमोर तुमचा जन्मापासूनचा पाढा हजर. कल्पना चांगलीच होती, मी नावं ठेवत नाही. पण तिघं एकत्र बसले की कल्पनेचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. दीड वर्ष, पडद्यावर कुणाचं चिन्ह आधी यावं यावर गेलं. शेवटी तिन्ही चिन्हं गोल फिरती ठेवली, म्हणजे सगळेच पहिले. चार महिने, वय लिहायचं की जन्मतारीख यावर गेले. आणि आमचे चाळीस वर्षांचे कागद मशीनमध्ये घालायला मिळाले तीन आठवडे.

मशीन झकास होतं. कागद एकीकडून आत, चित्र दुसरीकडून बाहेर. जुन्या कागदावर डाग असतात, शाई उडालेली असते, माशा बसलेल्या असतात, म्हणून त्यात एक सोय होती. अक्षर ठेवायचं आणि बारीकसारीक घाण आपोआप पुसून टाकायची. कंत्राटदाराच्या पोरींनी ती सोय पहिल्याच दिवशी चालू केली. कामाला चोख होत्या बिचाऱ्या.

काकांचे सगळे ठिपके घाण म्हणून पुसले गेले.

हे आम्हाला नेटवर्क दाखवायच्या त्या सोमवारच्या सभेत कळलं, पडद्यावर आजी गरोदर झाल्या तेव्हा. या आजी म्हणजे बाजाराच्या तोंडावरच्या टेलरची आई. घरात आजी, टेलर, त्याची बायको, मोठा नातू आणि नात. नातीचं लग्न दोन गल्ल्या सोडूनच झालेलं, त्यामुळे ती अजूनही माहेरच्याच कागदावर आजारी पडायची. गरोदर होती ती.

व्यासपीठावर नेटवर्कवाल्या मॅडम होत्या. तिशीच्या, दोन फोन, चालताना मागच्याला धाप लागेल असा वेग. त्या जराही गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "अशा चुका येणारच, त्यासाठी आपण सोय ठेवलीय." आणि एक बटण दाबलं. वयाला आणि लिंगाला न शोभणाऱ्या नोंदी भराभर गायब झाल्या. गरोदरपण गेलं, नसबंदी गेली, गोवर गेला, दुधाचे दात गेले. टाळ्या पडल्या. खोकला, पाठदुखी असल्या किरकोळ ओळींच्या वर एक ओळ उरली, लाल अक्षरात. पेनिसिलिनच्या जातीची इंजेक्शनं सोसत नाहीत, जिवाला धोका. ती कोणत्याही वयाला शोभते ना, म्हणून राहिली. आजींच्या नावावर.

काकांनी माझा दंड असा धरला की वळ उठला.

"ती आजींची नाही," ते पुटपुटले. "पोरांपैकी कुणाची तरी आहे. डॉक्टर अनवाणी पळत आले होते त्या दिवशी. पोर सुजून भोपळा झालं होतं."

"कुठलं पोर?"

"तेच तर! त्या आठवड्यात दोघंही येत होती, गोवर होता. ठिपका एक होता की दोन, ते आठवत नाहीये."

नातीचं सिझेरियन मोठ्या हॉस्पिटलात गुरुवारी ठरलं होतं. तिथे पोट उघडण्याआधी त्याच जातीचं इंजेक्शन देतात, हे मला माहीत होतं, काकांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "आधी टोचून बघतात की हो."

"बघतात," काका म्हणाले. "घाई नसेल तेव्हा बघतात."

आता तुम्ही म्हणाल, फोन करून सांगायचं ना सरळ. केला की! सभेतून बाहेर पडल्या पडल्या केला. पलीकडचा माणूस म्हणाला, "नेटवर्कवर आहे का?" म्हटलं, नाही. "मग नाही," म्हणाला आणि फोन ठेवला. मेल्याचं थोबाड रंगवावंसं वाटलं.

मग टेलरच्या घरी गेलो. टेलर गळ्यात टेप अडकवून काज करत होता, वहिनी बटणं लावत होत्या. काकांनी विचारलं, "लहानपणी इंजेक्शननं अंगावर उठलं होतं, ते कुणाला?"

"पित्त होतं हो ते," वहिनी म्हणाल्या. "दोघांनाही उठायचं. आंबट खाल्लं की उठायचं."

"डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नव्हतं?"

"ते कुठे बोलायचे कुणाशी? कागदावर लिहायचे."

आजी कोपऱ्यात भिंतीला टेकून चिंध्यांच्या गाठोड्यावर बसल्या होत्या. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता, काही केल्या ओवला जात नव्हता. मी ओवून दिला. म्हणाल्या, "डोळे मेले फितूर झालेत." आणि आम्ही आमच्या घाईत पुढे गेलो.

नात शहाणी. ती त्याच दिवशी हॉस्पिटलात जाऊन सांगून आली, मला लहानपणी इंजेक्शन सोसलं नव्हतं बहुतेक. तिथल्या शिकाऊ डॉक्टरनं नंबर टाकून बघितलं आणि समजूत घातली, "ताई, तुमच्या नावावर काहीच नाही. तुमच्या आजींच्या नावावर आहे. आजींची ॲलर्जी तुम्हाला लागत नाही." वर हसला म्हणे. लोक घाबरून काहीबाही सांगतात, असं शेजारच्या डॉक्टरला म्हणाला.

म्हणजे आता मूळ कागदच हवा होता. कागद कुठे, तर नगरपालिकेच्या गोदामात, पोत्यांत. मशीनमधून निघालेले सगळे कागद बुधवारी लगदा करायला जाणार होते. गोदामाची किल्ली मॅडमकडे. आणि मॅडमकडे किल्ली मागायची तर का हवी ते सांगावं लागणार. म्हणजे ठिपके सांगावे लागणार. म्हणजे एकवीस वर्षं सरकारी कागदावर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर लिहिलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल करावं लागणार. काकांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

"मी सांगते," मी म्हटलं. "मी अजून तरणी आहे, मला नवीन नोकरी मिळेल."

"तुमचं अक्षर आहे का कागदावर? नाही ना? मग गप बसा." असा माणूस. आभार मानतानाही अंगावर येणार.

मंगळवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. माझ्या अख्ख्या नोकरीत मी तो शर्ट बघितला नव्हता, घड्यांच्या रेघाही पिवळ्या पडल्या होत्या. म्हणाले, "काढून टाकायचंच असेल त्यांना, तर निदान गबाळा म्हणून नको." मॅडमच्या केबिनमध्ये ते बसलेच नाहीत. उभ्यानं सगळं सांगितलं. कडा सांगितल्या, कोपरा सांगितला, लाल-निळं सांगितलं. मॅडमचे दोन्ही फोन वाजत होते, त्यांनी दोन्ही पालथे घातले.

"तुम्ही एकवीस वर्षं खोट्या नोंदी केल्यात?"

"नोंदी खऱ्या आहेत. नावं खोटी आहेत."

"आणि हे मी तुमच्या साहेबांना कळवलं तर काय होईल, कल्पना आहे?"

"आहे. तुम्ही कळवाच. पण आधी किल्ली द्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. दोन वर्षं त्या बाईनं तीन हॉस्पिटलांच्या साहेबांना एका टेबलावर बसवण्यात घालवली होती. आणि आता एक काटकुळा क्लार्क सांगत होता, की तुमच्या नेटवर्कमध्ये आमच्या दवाखान्याचा एकूण एक माणूस दुसऱ्याच्या कातडीत बसलाय. मला त्यांची दया आली. मग त्या उठल्या, काकांसमोर कोरा कागद ठेवला, म्हणाल्या, "हे सगळं लिहून द्या, सहीनिशी." काकांनी दोन पानं लिहिली. अक्षर मोत्यासारखं. बुधवारी सकाळी आठला गोदाम उघडलं.

अठ्ठावन्न पोती. गल्लीनुसार नाही, नावानुसार नाही, मशीनमधून निघतील तशी कोंबलेली. मी, काका, कंपाउंडर आणि उपड्या बादलीवर बसलेल्या मॅडम. कंपाउंडरला धुळीनं शिंका सुरू झाल्या त्या थांबेचनात, दर शिंकेला दहा कागद उडायचे. काका ओरडायचे, "तोंड तिकडे कर की बाबा!" मॅडमना पहिला ठिपका मी दाखवला. त्यांनी कागद उजेडात धरला, नखानं खरवडून बघितला. नंतर त्या प्रत्येक कागदाची कड बघायला लागल्या, आणि बघता बघता त्यांना वाचता यायला लागलं. "ही सून, पोटदुखी... हा धाकटा, कानदुखी... अहो, ही तर सलग पाच वर्षं फक्त सूनच आजारी आहे!"

"सासू बघा ना तिची," कंपाउंडर शिंकत म्हणाला.

अकरा वाजता टेलरचा फोन आला. नातीला कळा सुरू झाल्या होत्या, एक दिवस आधीच. हॉस्पिटलात नेलं होतं. बाळ आडवं होतं, आजच करायचं म्हणत होते. टेलर रडत होता की धावत होता ते कळत नव्हतं, श्वास मात्र लागला होता.

मॅडमनी दोन्ही फोनवरून हॉस्पिटल लावून बघितलं, कुणी उचलेना. कंपाउंडर शिंका गिळत पोती ओतत होता. साडेबाराला, एक्केचाळिसाव्या पोत्यात, काकांनी एक कागद वर काढला आणि तसेच थांबले. खालच्या कडेला दोन ठिपके. लाल.

"नातच," ते म्हणाले.

बाहेर एकच गाडी उभी होती, लगद्यासाठी पोती न्यायला आलेला टेम्पो. मॅडम पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या, काका आणि मी मागे. टेम्पोवाला विचारत होता, "पोती कुठायत?" मॅडम म्हणाल्या, "पोती राहू देत. मोठ्या हॉस्पिटलात चल आणि हॉर्नवरचा हात काढू नकोस." त्यानं तो शब्द पाळला.

हॉस्पिटलात खाली नेटवर्कची खिडकी. तिथल्या ऑपरेटरनं मॅडमना बघून खुर्ची सोडली, आणि म्हणाला, "कागद द्या मॅडम, दोन मिनिटांत चढवतो." मशीनमध्ये घातला. पडद्यावर चित्र आलं, स्वच्छ, चकचकीत. ठिपके गायब. मॅडमनी दात-ओठ खाऊन मशीनकडे बघितलं. तिथे वाद घालायला काका थांबलेच नाहीत. मशीनच्या तोंडातून कागद ओढला आणि जिना चढायला लागले, मागोमाग मी आणि मॅडम. त्यांना तसं धावताना मी कधी बघितलं नव्हतं, पुन्हा बघायची इच्छाही नाही. दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीबाहेर एक जाडजूड वॉर्डसिस्टर दार अडवून उभी होती.

"कोण तुम्ही? आत जायचं नाही."

काकांना धाप लागली होती. त्यांनी कागद पुढे केला, एवढंच म्हणाले, "लाल... दोन... खालची कड."

माझ्या आधी ती बोलली. "हा ठिपका कुणाचा?"

"आत आहे तिचा," मी म्हटलं. "नाव आजीचं आहे, पण दुखणं नातीचं आहे. पेनिसिलिनच्या जातीचं काहीच देऊ नका तिला. मी नगरपालिकेची सिस्टर आहे, वाटेल तिथे सही करते."

तिनं आमच्या तिघांच्या धुळीनं माखलेल्या तोंडांकडे बघितलं. मग म्हणाली, "सही कशाला? आमच्याकडे अशाच खुणेसाठी खाटेच्या दांडीला पट्टीच्या गाठी बांधतो. साहेबांना ठाऊक नाही." आणि आत गेली. काचेतून मला दिसलं, भरून ठेवलेली सिरिंज तिनं ट्रेमधून उचलली आणि टाकून दिली. डॉक्टरांशी काहीतरी ताडताड बोलली. दुसरी बाटली फोडली गेली. मी तिथेच भिंतीला टेकून बसले आणि ढसाढसा रडले. लाज कसली त्यात!

दोनला मुलगी झाली. आई, मुलगी दोघी ठणठणीत. टेलर काकांच्या पाया पडायला लागला तर काका म्हणाले, "आधी गळ्यातला टेप काढ, फास बसेल."

मेमो आला तो आलाच. मॅडमनी कळवलं, कारण कळवणार असं त्या म्हणाल्या होत्या. चौकशी अजून चालू आहे. काका निवृत्त झालेत, कागद इकडून तिकडे फिरतायत, आणि काका रोज उठून साहेबांना शिव्या घालायला मोकळे आहेत. पण मेमोच्या खालीच मॅडमनी दुसरी ऑर्डर जोडली होती. निवृत्त होईपर्यंत या क्लार्कनं दवाखान्यात बसून सगळी पोती उलगडायची, आणि ज्याचं दुखणं त्याच्या नंबरावर चढवायचं. मशीनची ती घाण पुसायची सोय त्याच दिवशी कायमची बंद झाली.

मग आमचा रोजचा उद्योग सुरू झाला. दुपारी पेशंट संपले की मी कडा वाचायची आणि काकांनी एका बोटानं टाइप करायचं. "उजवी कड, खोकला." टक. टक. एकेका घराला दोन दिवस लागायचे. चुकलं की कीबोर्डला बोलणी बसायची. टेलरचं घर आलं तेव्हा काकांनी हात धुऊन घेतले. त्रेसष्ट कागद होते. टेलरची नसबंदी टेलरला गेली, वहिनींची पाठदुखी वहिनींना. नातवाचे दात नातवाला, नातीचं सगळं नातीला. लाल ओळ तिच्या नावावर चढवताना काकांनी तीनदा तपासली.

शेवटचा कागद संपला. मी म्हटलं, "आता आजींचं सांगा."

"तुम्ही वाचा की. कागद तुमच्याकडे आहेत."

मी पुन्हा पहिल्यापासून चाळले. वरचा डावा कोपरा. कोरा. पुढचा कागद, कोरा. त्रेसष्टच्या त्रेसष्ट कागदांवर तो कोपरा कोरा होता. नाव आजींचं, वय आजींचं, पत्ता आजींचा, आणि एकवीस वर्षांत आजींची स्वतःची एकही खेप नाही. पडद्यावर त्यांचा नंबर, नाव, आणि खाली पांढरं पान.

काकांनी दोऱ्याचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला अख्ख्या घराच्या कडा पाठ," ते म्हणाले, "आणि हे दिसलं नाही." मला सुईदोरा आठवला. मी स्वतः ओवून दिला होता. सिस्टर म्हणवते मी स्वतःला!

दुसऱ्या दिवशी काका जाऊन आजींना घेऊन आले. आजी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या वेगळ्या खिडकीसमोर उभ्या होत्या, इतकी वर्षं त्यांच्याच नावानं चाललेल्या. खिडकीची उंची त्यांना पुरत नव्हती, नुसता पांढरा अंबाडा दिसत होता. मी बाहेर जाऊन त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. ब्लडप्रेशरचा आकडा बघितला आणि मशीन बिघडलंय असं वाटून पुन्हा घेतला. मशीन बिघडलं नव्हतं.

"आजी, चक्कर येते का?"

"येते की."

"डोळ्यांसमोर अंधारी?"

"दोन वर्षं झाली. डावीकडचं दिसतच नाही आता."

काका खिडकीतून जवळजवळ बाहेरच आले. "दोन वर्षं! अहो, मग यायचं नाही का? दवाखाना हाकेच्या अंतरावर, वेगळी खिडकी, रांग नाही, काही नाही..."

आजींना त्यांच्या ओरडण्याचं काही वाटलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "येणार कशी रे? दिवसाला एकच शिक्का. माझा कागद रिकामा कधी होता?"

काका खिडकी सोडून बाहेर आले. आजींचा हात धरला आणि त्यांना डॉक्टरांच्या दाराकडे न्यायला लागले, पावलागणिक थांबत. बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ओ, मध्येच कुठे? नंबर कुणाचा आहे?"

"आजींचा!" मी इतक्या जोरात ओरडले की कंपाउंडर आतून धावत आला. "आजींचाच आहे!"